बर्फावरची हॉकी आणि परक्या घरातली आई

हॉकी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि हिरवे मैदान उभे राहते. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मात्र हॉकी म्हणजे गोठलेला बर्फ, पायांत पोलादी पात्यांचे बूट आणि चेंडूऐवजी रबराची टणक चकती! हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. पण वस्ती जेमतेम 12 लाख. तिथल्या लहान लहान गावांमधून सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची ज्युनियर लीग खेळली जाते. 2017-18च्या हंगामात तिच्यात 12 संघ होते. सप्टेंबरात सुरू झालेले सामने पार एप्रिलपर्यंत चालतात.

मला खरे नवल वाटते ते तिथल्या घरांचे. दूरदूरच्या गावांहून आलेल्या या मुलांना गावातली कुटुंबे हंगामभर आपल्या घरी ठेवून घेतात. एके काळी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याचीच आठवण व्हावी! फरक इतकाच, की इथे सातही वार एकाच घरी. परगावचा सामना आटोपून बस रात्री-अपरात्री परतते. तोवर त्या घरच्या बाईचा डोळा लागावा कसा?

6 एप्रिल 2018 रोजी हंबोल्ट ब्रॉन्कोस हा संघ बाद फेरीच्या सामन्यासाठी निपाविनला निघाला होता. वाटेत एका चौरस्त्यावर, थांबण्याची खूण न जुमानता आलेल्या मालट्रकशी बसची टक्कर झाली. बसमधल्या 29 जणांपैकी 16 दगावले. त्यांत 10 खेळाडू होते. उरलेले 13 जखमी झाले. हंबोल्ट म्हणजे सुमारे 6000 वस्तीचे गाव. पण शोक साऱ्या कॅनडाने केला. आपण उंबऱ्याशी पणती लावावी, तशी लोकांनी दाराबाहेर हॉकीची एकेक काठी उभी करून ठेवली. पुढे 2019 मध्ये त्या प्रांताने नव्या ट्रकचालकांना प्रशिक्षण सक्तीचे केले.

12 सप्टेंबर 2018 रोजी हंबोल्टचा संघ पुन्हा बर्फावर उतरला. समोर निपाविनचाच संघ होता. अपघातातून वाचलेले दोघे त्या दिवशी खेळले. हंबोल्ट 2-1ने हरले. पण नव्या मुलांच्या आईबापांनी त्यांना पुन्हा बसमध्ये बसवले होते, आणि गावातल्या घरांनी त्यांच्यासाठी पुन्हा अंथरुणे घातली होती. याहून मोठा विजय कोणता?

वाचकहो, या दिवाळीत तुमचा मुलगा शिक्षणासाठी परगावी असेल, तर फराळाचा एक डबा त्याला रोज जेवू घालणाऱ्या माउलीलाही जरूर पाठवा!