सनद देशाची, उंबरे राज्यांचे

वकिलाच्या नावनोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात ठणकावले. खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, वर लागत असेल ते मुद्रांक शुल्क. त्याआधी निरनिराळ्या राज्यांत हा खर्च १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत पोहोचला होता. पण त्याच निकालाने आधी उकळलेले पैसे परत करण्यातून बार कौन्सिलांना मोकळेही केले. आणि जेमतेम वर्षभरात, ऑगस्ट २०२५ मध्ये, ‘ऐच्छिक’ म्हणूनही काही घेऊ नका, असे कर्नाटकच्या कौन्सिलला त्याच न्यायालयाला बजावावे लागले. वकिलांना शिस्त लावण्यासाठी जन्मलेल्या संस्थांना वकिलांचाच कायदा दोनदा वाचून दाखवावा लागतो, हे जिव्हारी लागणारे आहे. कारण या कायद्यातले वचन शुल्कापुरते नव्हते. एका राज्याची सनद घेतलेल्याला साऱ्या देशात उभे राहता येईल, हे ते वचन होते.

त्याचा आरंभीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १८७९ आणि १९२६ च्या कायद्यांनी वकिलांचे दर्जे आणि हायकोर्टागणिक वेगळे हक्क ठेवले होते. १९५१ मध्ये न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने १९५३ मध्ये अखिल भारतीय बारची शिफारस केली आणि १९६१ मध्ये अॅडव्होकेट्स अॅक्ट आला. कलम १८ ने एका राज्याच्या नामावलीतून दुसऱ्या राज्याच्या नामावलीत नाव नेण्याची सोय दिली, तीही कोणतेही शुल्क न घेता. शिस्तभंगाची कारवाई चालू असेल किंवा अर्जाचा हेतू प्रामाणिक नसेल, तरच अडवायचे. कलम ३० ने तर नाव न हलवताही देशातल्या प्रत्येक न्यायालयात काम करण्याचा हक्क दिला. पण हे कलम ३० अमलात आले १५ जून २०११ रोजी. अधिसूचनेचा एक कागद काढायला दिल्लीतल्या एकामागून एक आलेल्या सरकारांना पन्नास वर्षे लागली, आणि त्याची कुणाला लाज वाटल्याचे दिसले नाही.

म्हणूनच २०११ नंतरचे दशक निकराचे होते. भिंती पडायच्या असत्या तर तेव्हाच पडल्या असत्या. त्याच वर्षी ६ मार्चला पहिली ऑल इंडिया बार एक्झाम झाली. २००९-१० पासून पदवी घेणाऱ्यांना ती सक्तीची होती. परीक्षेला माझा विरोध नाही. पदवी मिळाली म्हणजे वकिली येतेच असे नाही, हे कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला ठाऊक आहे. पण १९७३ च्या दुरुस्तीने सनदेपूर्वीची उमेदवारी आणि परीक्षा काढून टाकली, १९९५ चे प्रशिक्षण नियम १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात रद्द झाले, आणि ज्येष्ठाच्या कार्यालयात वर्षभर कागद वाचण्याची सक्तीची शिस्त गेली ती गेलीच. तिच्या जागी आली शंभर बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरपत्रिका, सुरुवातीची अनेक वर्षे पुस्तके समोर ठेवून सोडवायची. २०२३ मध्ये घटनापीठाने सुदीरचा निकाल फिरवून परीक्षेवर शिक्कामोर्तब केले, आणि राज्याराज्यांतले नोंदणी शुल्क एकसारखे व जाचक न होणारे ठेवा, असेही सुचवले. परीक्षा तेवढी टिकली. सूचना मात्र पुढचा निकाल येईपर्यंत कागदावरच राहिली. खरी खंत याहून मोठी आहे. लायकी देशपातळीवर एकदा तपासली गेली, तर राज्याराज्यांच्या अटी सैल व्हायला हव्या होत्या. नवी अट आली आणि जुनी एकही गेली नाही.

सर्वांत ठळक उदाहरण अलाहाबादचे. तिथल्या हायकोर्टाच्या नियमांनुसार उत्तर प्रदेशच्या नामावलीत नसलेल्या वकिलाला स्थानिक वकील सोबत घेतल्याशिवाय उभे राहता येत नाही. जमशेद अन्सारी खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरवले. वकील न्यायालयाला सापडला पाहिजे, त्याच्यावर नोटीस बजावता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार. हेतू रास्त आहे, पण पत्ता आणि फोन नोंदवून तो साधतो. दुसऱ्या वकिलाची फी पक्षकाराच्या माथी मारण्याची गरज नाही. शिवाय २०२० च्या साथीत न्यायालये पडद्यावर आली, ई-फायलिंग वाढले, नाशिकमध्ये बसून दूरच्या हायकोर्टात युक्तिवाद करणे शक्य झाले. वकिलाची सोय वाढली तरी नियमाने कूस बदलली नाही.

स्थानिक कायदा आणि भाषा यांचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टात कूळ कायदा, जमीन महसूल संहिता आणि सातबारा यांच्याशिवाय पान हलत नाही, आणि साक्ष मराठीत होते. परक्या राज्यातला वकील तिथे अडखळेल, हे खरे. पण सध्याच्या अटी ही अडचण सोडवत नाहीत. महाराष्ट्र-गोव्याच्या नामावलीत नाव घालताना कूळ कायद्याची परीक्षा होत नाही. बार एक्झामचा भरही देशभर लागू असणाऱ्या कायद्यांवरच आहे. मुंबईत शिकून मुंबईतच सनद घेतलेल्या तरुणाने सातबारा कधी उघडला नसेल, तरी त्याला अक्कलकुव्यात कुणी अडवत नाही. ज्ञान हवे असेल तर ज्ञान तपासा. कोणत्या कौन्सिलच्या वहीत नाव आहे, यावरून ते कळत नाही.

कौन्सिलांचे म्हणणे असे की पैसे नसतील तर शिस्तपालन समित्या आणि वकिलांच्या कल्याण योजना चालायच्या कशा? प्रश्न खोटा नाही. कायद्यातले शुल्क १९९३ नंतर वाढलेले नाही, आणि ते वाढवण्याचा अधिकार फक्त संसदेचा आहे. पण गौरव कुमारच्या निकालाने वाट दाखवली आहेच: नावनोंदणीच्या वेळी नव्हे, तर नंतर दिलेल्या सेवांसाठी शुल्क घ्या. वीस वर्षे वकिली केलेल्याकडून वर्गणी मागणे कठीण, म्हणून पहिले वकीलपत्रही न मिळालेल्या पोरापोरींच्या खिशात हात घातला गेला. त्यांच्यात शेतमजुराच्या घरची पहिली पदवीधर होती, दलित वस्तीतून आलेला मुलगा होता. ज्यांनी २०२४ आधी कर्ज काढून ती रक्कम भरली, त्यांची पावती आजही फक्त पावतीच आहे.