कचऱ्याचा वास काय सांगतो?

घरी खत करायला हौसेने बादली आणली जाते आणि दोन आठवड्यांत वासाला कंटाळून ती गच्चीच्या कोपऱ्यात जाते. वास ओळखता आला, तर ही वेळ येत नाही.

सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी आली, की समजावं, आतली हवा संपली. सालं आणि शिळा भात यांचा चिकट गोळा झाला, की प्राणवायूवर जगणारे जिवाणू मागे पडतात. हवेवाचून जगणारे फोफावतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अशा वेळी कचरा खालीवर करून त्यात वाळका पाला मिसळावा. मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंबच पाणी निघावं, इतपत ओल पुरते.

नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर नत्र जास्त झालं. जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. भाजीच्या देठा-सालींत त्यामानाने नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पाल्याचा थर हवाच. काडीकचरा, शेण, माती, राख असे थर रचून ते वेळोवेळी उलथण्याची रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली पुस्तकातून मांडली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर पोचली.

हाच कचरा डम्पिंग ग्राउंडवर ढिगाखाली दबला, की हवेअभावी त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. शिवाय तो पेट घेतो. त्यामुळे जानेवारी २०१६मध्ये मुंबईत देवनारला लागली तशी आग विझवणं जिकिरीचं होतं.

ओला कचरा घरीच जिरला, की सुकाही वाचतो. आमटीत भिजलेल्या कागदाला भंगारात भाव नाही. कोरडा कागद, पुठ्ठा, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या विकल्या जातात आणि पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांच्या हाती त्यातून चार पैसे पडतात.

खत तयार झाल्याचंही नाकच सांगतं. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तो गंध जिओस्मिन या द्रव्याचा. स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू ते तयार करतात आणि पिकलेल्या खतातही ते असतात. तो गंध येईपर्यंत खत कुंडीत घालू नये. अर्धकच्चं खत कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं.