घरातलं जाळं – लेखांक ७ : राऊटर नवा, नंबर जुनाच

खांबावरची फायबर घरातल्या पांढऱ्या डब्यापर्यंत कशी येते, ते मागच्या लेखात पाहिलं. आता त्या डब्यापाशीच उभा राहणारा प्रश्न. कळंबच्या जुन्या भागातल्या माळवदाच्या घरांना दगडमातीच्या जाड भिंती असतात. पुढच्या खोलीतलं वायफाय माजघरात पोचेपर्यंत संपून जातं. मग माणूस बाजारातून चांगला राऊटर आणतो, कंपनीचा डबा काढून ठेवतो आणि त्याच दिवशी लँडलाईन मुकी होते.

लँडलाईन आता कुणाला हवी, असं विचारणाऱ्यांनी मार्केट यार्डातल्या आडत दुकानांच्या जुन्या पावत्या पाहाव्यात. ०२४७३ नं सुरू होणारा नंबर तिथे वर्षानुवर्षं छापलेला असतो. मोबाईलचा नंबर २० जानेवारी २०११ पासून देशभर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येतो. लँडलाईनला ती सोय नाही. कंपनी सोडली की नंबर गेला. बीएसएनएलच्या तांब्याच्या तारेवरून त्यांच्याच फायबरवर जाताना मात्र जुना नंबर कायम ठेवता येतो. अर्ज देतानाच तसं स्पष्ट सांगावं. नंतर आठवण झाली, तर तो परत मिळेल याची खात्री नाही.

तांब्याच्या तारेत आवाज विजेच्या रूपात थेट एक्स्चेंजपर्यंत जायचा. फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीजही तिथूनच यायची. फायबरमध्ये फक्त प्रकाश असतो, म्हणून घरातल्या डब्याला दोन कामं करावी लागतात. एक, प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर. याच कामामुळे त्याला ओएनटी म्हणतात. दुसरं, फोन चालवणं. डब्याच्या मागे ‘फोन’ किंवा ‘टेल’ लिहिलेलं छोटं छिद्र असतं, त्यात फोनची वायर जाते. तुमचा आवाज डब्यातच आकड्यांत बदलतो आणि पाकिटांमधून कंपनीच्या सर्व्हरकडे निघतो. त्यासाठी डब्याला सर्व्हरवर आपली नोंद करावी लागते. एसआयपी नावाच्या पद्धतीनं तो स्वतःची ओळख देतो : हा नंबर, हा पासवर्ड. ही नोंद इंटरनेटच्या लॉगिनपेक्षा पूर्ण वेगळी असते. फायबर एकच, पण आतमध्ये इंटरनेट आणि आवाज यांचे मार्ग साधारणपणे स्वतंत्र ठेवलेले असतात.

बाजारातल्या साध्या राऊटरला फायबरचा प्रकाश वाचता येत नाही, त्याला फोनचं छिद्र नसतं आणि आवाजाचा पासवर्ड तर त्याला ठाऊकच नसतो. तेव्हा कंपनीचा डबा जागेवरच राहिला पाहिजे. नवा राऊटर त्याच्या पुढे जोडायचा, त्याच्या जागी नाही.

जोडायच्या दोन रीती आहेत. बहुतेक घरांना मी सोपी सुचवीन : डब्यातलं काही बदलायचं नाही, त्याच्या लॅन पोर्टातून केबल घेऊन नवा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून आतल्या खोलीत लावायचा. भिंतीचा प्रश्न सुटतो आणि फोनला धक्का लागत नाही. जिओ किंवा एअरटेलच्या फायबरवरही ही रीत चालते.

दुसरी रीत ब्रिजची. इंटरनेटचं लॉगिन नव्या राऊटरमध्ये भरायचं आणि डब्यानं ते काम सोडून द्यायचं. शेतावरून घरचे कॅमेरे पाहायचे असतील किंवा सगळं नियंत्रण आपल्या हातात हवं असेल, तर याचा उपयोग होतो. इथे लाईनमनला नेमक्या शब्दांत सांगा : इंटरनेट तेवढं ब्रिजवर टाका, व्हॉइसला हात लावू नका. डब्याच्या सेटिंगमध्ये दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी असतात. घाईत दोन्ही पुसल्या की फोन बंद. काम सुरू होण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि रिसेटच्या बारीक छिद्रात टाचणी घालू नका. बऱ्याच डब्यांत त्यानं आवाजाची नोंदही जाते आणि ती भरायला पुन्हा कंपनीचाच माणूस लागतो.

इथे मला एक मागणी करायची आहे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राऊटर वापरण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि फोनच्या नोंदीचा तपशील त्याला देणं कंपनीला बंधनकारक आहे. आपल्याकडे तो पासवर्ड सहसा ग्राहकाच्या हाती पडत नाही. नंबरचं बिल आपण भरतो, तर त्याची किल्लीही मागितल्यावर मिळाली पाहिजे. असा नियम इथेही व्हायला हवा.

घरातली जुनी फोनची वायरिंग वापरायची असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी सोडवा. दोन्हीकडून वीज आली, तर डब्यातला फोनचा भाग जळू शकतो. हे जमत नसेल, तर कॉर्डलेस फोनचा तळ डब्यापाशी ठेवा आणि हँडसेट घरभर फिरू द्या.

लाईट गेली की काय, हा आपल्या भागातला खरा प्रश्न. एक्स्चेंजची वीज आता घरात येत नाही. डबा बंद, तर फोन बंद. बरेच डबे १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. विकत घेण्याआधी ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही वाचून घ्या. फोनपुरता डबा चालू राहिला तरी पुरतं, राऊटर नसला तरी चालेल. पण फायबरवाल्याच्या केंद्रावर वीज नसेल, तर तुमचा यूपीएस काही करू शकत नाही. तिथे बॅटरीची काय सोय आहे, ते जोडणी घेण्याआधी विचारा.

सगळं जोडून झालं की लाईनमन दारात असतानाच डबा एकदा बंद करून पुन्हा चालू करा. फोनचा दिवा लागला, डायलटोन आला की लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावा. १५ जानेवारी २०२१ पासून त्यासाठी आधी शून्य दाबावं लागतं. मग मोबाईलवरून लँडलाईनला लावा आणि दोन मिनिटं बोला. कधी घंटी वाजते पण आवाज एकाच बाजूला जातो, आणि हा दोष बोलल्याशिवाय कळत नाही.