विजेची पाळी

सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी कशी लावावी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. आज थोरल्याचे भिजवणे, उद्या धाकट्याचे. दोघांनी एकदमच मोटरी लावल्या तर दोघांचेही शेत अर्धवट राहते. विजेचेही असेच आहे. तिची पाळी मात्र आपण अजून लावून घेतलेली नाही.

आमच्या दुसरबीडची संध्याकाळ बघा. दिवेलागण झाली की घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. उन्हाळ्यात कूलर. रमजानमध्ये इफ्तारची लगबगही याच सुमाराची. हे टाळता येणार नाही आणि टाळूही नये. पण नेमकी त्याच वेळी पाण्याची मोटर, इस्त्री, घरघंटीही चालू होते. सगळा भार एकदम डीपीवर येतो. व्होल्टेज उतरते, दिवे मंदावतात, मोटरी तापतात. कधी डीपीच जळते आणि मग सगळ्यांनाच अंधार.

जे गावाचे, तेच राज्याचे. वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार करावी लागते. बॅटऱ्यांत साठवलेली वीज गरजेच्या मानाने अजून थोडी आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले पारसचे कोळशावरचे संच दिव्यासारखे खटका दाबून चालू-बंद करता येत नाहीत. म्हणून संध्याकाळी कोयनेच्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागते. तेही पुरले नाही तर महाग वीज विकत घ्यावी लागते. तीही मिळाली नाही की भारनियमन.

२००५ नंतरची ती वर्षे आपण विसरलेलो नाही. त्याच काळात महावितरणने ‘अक्षय प्रकाश योजना’ आणली होती. गावाने एकजुटीने ठरवायचे, की संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत मोटरी, गिरण्या, हिटर, इस्त्री लावायची नाही. दिवा, पंखा, टीव्ही तेवढे वापरायचे. बदल्यात गावाला भारनियमनातून सुटका. जिथे गावाने शब्द पाळला, तिथे दिवे राहिले. एकाने आकडा टाकून मोटर लावली की सगळ्यांचे नुकसान. विहिरीचाच न्याय!

तेव्हा सांगितले जाई, की जड कामे रात्री दहानंतर करा. आता सूर्याने हे घड्याळ फिरवले आहे. सौर प्रकल्प वाढले, त्यामुळे दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळला की टंचाई सुरू होते. म्हणूनच स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली.

हिशेब करू. एक अश्वशक्तीची मोटर अर्धा तास आणि हजार वॅटची इस्त्री अर्धा तास, मिळून साधारण एक युनिट. रोज ते दुपारी वापरले तर महिन्याला चोवीस रुपये वाचतात. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी कशाला? आणि जे नवराबायको सकाळीच मजुरीला जातात, त्यांनी दुपारी मोटर लावायची कशी? प्रश्न खरा आहे. त्यांच्यावर सक्ती नको. ज्यांच्या घरी दिवसा माणूस असते, त्यांनी आधी पाळी सोडावी.

कारण ही बचत चोवीस रुपयांपुरती नाही. संध्याकाळी गावाची मागणी वाढते, म्हणून शेतीपंपांना वर्षानुवर्षे आलटूनपालटून रात्रीची वीज मिळत गेली. हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी थंडीत, सापविंचवाच्या अंधारात बॅटरी घेऊन बांधावर गेला. सौर वाहिन्यांमुळे अनेक ठिकाणी आता त्याला दिवसा वीज मिळू लागली आहे. विजेच्या वेळेचे मोल त्याच्याइतके कुणाला कळणार?

वीज आपल्याला घरात साठवता येत नाही. पण पाणी टाकीत साठवता येते, पीठ डब्यात ठेवता येते, इस्त्रीचे कपडे घडी करून ठेवता येतात. दुपारी भरलेली टाकी म्हणजे संध्याकाळसाठी राखलेली वीजच. काही सोडायचे नाही. फक्त खटका दाबण्याची वेळ बदलायची आहे.