टोकन दिलं आणि पार्टी फिरली, आता पैसे परत करायचे का?



रूम भाड्याने देण्यावरच्या व्हिडिओनंतर बरेच जण एकच गोष्ट विचारतायत. पार्टीने रूम बघितली, पाच हजार टोकन दिलं आणि आठ-दहा दिवसांनी फोन, "दादा, जमत नाहीये, कॅन्सल करा." आता ते पाच हजार कुणाचे?

बहुतेक जण म्हणतील, आपलेच. टोकन परत करतं का कुणी! मीही हेच म्हणायचो.

सुरुवातीला पुण्यात मी तीन रूम कॉलेजच्या मुलांना द्यायचो. एका जुलैत लातूरकडच्या एका काकांनी मुलासाठी टोकन भरलं. पुढच्या कॅप राउंडला मुलाचा नंबर नागपूरला लागला. काकांनी दुसऱ्याच दिवशी नीट फोन करून सांगितलं. मी म्हणालो, टोकन परत मिळत नाही काका. ते काही बोलले नाहीत. रूम तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला गेली. म्हणजे नुकसान शून्य आणि खिशात पाच हजार. हुशारी केली असं वाटलं. पुढच्या वर्षी त्या भागातून एकही मुलगा आला नाही. माझ्याकडेच राहणाऱ्या एकाने शेवटी सांगितलं, "तुमच्याकडे पैसे अडकतात असं गावाकडे म्हणतात, दादा."

तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टोकन ही कमाई नाही. तुम्ही रूम अडवून ठेवलीत, इतरांना नाही म्हणालात, त्या दिवसांची ती भरपाई आहे. मग हिशोब दिवसांवरच करायचा.

समजा भाडं 9,000 आहे, म्हणजे दिवसाला 300. रूम रिकामी होती, तुम्ही 12 दिवस अडवून ठेवली आणि पार्टी फिरली. 12 गुणिले 300, झाले 3,600. पाच हजारातून तेवढे ठेवा, 1,400 परत द्या. पण जुना भाडेकरू महिनाअखेरपर्यंत राहतच होता आणि पार्टीने 20 तारखेला नाही सांगितलं, तर? रूमचं भाडं तर चालूच होतं! इथे भाड्याचं नुकसान नाही. फार तर परत जाहिरात टाकायचा खर्च धरा. इथेच लोक चुकतात. टोकन घेतल्यापासूनचे दिवस मोजतात, रूम खरंच रिकामी बसल्याचे दिवस मोजत नाहीत.

"पण सर, मी तर आधीच लिहून घेतलंय, टोकन परत मिळणार नाही म्हणून." लिहा की, पण त्याने विषय संपत नाही. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 सांगतं की करारात ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, भरपाई त्याच्या आत आणि वाजवी असायला हवी. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा खटला निकाली निघाला. प्राधिकरणाने एका प्लॉटचे 78 लाख जप्त केले होते आणि नंतर तोच प्लॉट कितीतरी जास्त भावाने विकला होता. कोर्ट म्हणालं, नुकसानच नाही तर जप्ती कशाची? आपल्या पाच हजारांसाठी कुणी कोर्टात जाणार नाही हे मलाही कळतं. पण भांडण झालं तर वजन कुणाच्या बाजूला आहे ते माहीत असावं. विसाराची रक्कम वाजवी असेल आणि पार्टीच्या चुकीने सौदा मोडला, तर ती ठेवता येते, तेही खरं. म्हणून टोकन छोटंच घ्या, आठ-दहा दिवसांच्या भाड्याएवढं. आणि डिपॉझिट टोकनसोबत घेऊच नका, ते ॲग्रीमेंटच्या दिवशी.

पैसे घ्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच यूपीआय नंबर द्या:

"रूम नं. 3, भाडं 9,000. टोकन 3,000, रूम 15 तारखेपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो. राहायला आलात की टोकन पहिल्या भाड्यात वळतं होईल. कॅन्सल केलंत तर रूम जितके दिवस रिकामी राहिली तितके दिवस रोज 300 प्रमाणे कापून बाकी 3 दिवसांत परत. 15 तारखेपर्यंत कळवलं नाहीत तर रूम दुसऱ्याला देईन, हिशोब याच दराने. मी रूम दिली नाही तर पूर्ण 3,000 त्याच दिवशी परत."

शेवटचं वाक्य गाळू नका. दोन दिवसांनी कुणीतरी हजार जास्त देतो म्हणतो आणि आपलं मन चळतं, खोटं कशाला बोला. (आणि एका रूमवर दोघांचं टोकन घ्यायचं नाही. हे लिहावं लागतंय, पण लिहितो.) हा मेसेज म्हणजे भाडेकरार नव्हे, एवढं लक्षात ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

पैसे परत करतानाही डोळे उघडे ठेवा. काही भामटे रूम न बघताच टोकन पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतात, मग "चुकून जास्त गेले, परत करा" म्हणून मागे लागतात. आधी बँकेच्या ॲपमध्ये पैसे खरंच जमा झालेत का बघा, एसएमएसवर जाऊ नका. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. आणि रिफंड ज्या खात्यातून आला त्याच खात्यात, दुसऱ्या कुणाच्या नंबरवर नाही. कापलेल्या दिवसांचा हिशोब त्याच चॅटमध्ये टाका, तारखांसकट.