दाबाखालची फुगडी

दिवाळीत इंदूरला गेलो, तर ताईकडे एकच विषय. भाचीला बारावीनंतर इंजिनिअरिंग नको, बीएस्सी फिजिक्स करायचंय. "तू तरी समजाव तिला," ताई म्हणाली. मी बीई, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. म्हणजे समजवायला योग्य माणूस. बसलो, आणि दोन तास तिचंच ऐकत राहिलो.

"मामा, आच न लावता, नुसतं दाबून एखाद्या पदार्थाची अवस्था बदलेल?"

मला कुकर आठवला, पण त्याच्याखालीही गॅस असतोच. बर्फ वितळतो, लोहचुंबक तापवला की चुंबकत्व गमावतो, हे सगळं उष्णतेचं काम. शून्य केल्विनजवळ मात्र उष्णतेची चुळबुळ जवळजवळ थांबते. तरी क्वांटम नियमांमुळे अणू पुरते निश्चल होत नाहीत. त्या उरलेल्या अस्थिरतेतून जो बदल घडतो, ते क्वांटम अवस्थांतर.

तिचं आवडतं उदाहरण थॅलियम कॉपर क्लोराइड. त्यात तांब्याचा प्रत्येक आयन म्हणजे एक इवलासा चुंबक. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये असे शेजारी एकाआड एक उलट तोंडं करून शिस्तीत उभे राहतात. पण या स्फटिकात ते तसं करत नाहीत. दोघं-दोघं हात धरून फुगडी घालतात आणि बाकीच्यांकडे बघतही नाहीत. (फुगडीत कोणाचं तोंड कुठे आहे ते क्षणभर तरी दिसतं. इथे ते ठरलेलंच नसतं.) कितीही थंड करा, रांग लागत नाही.

आता दाब द्या. अणू किंचित जवळ सरकतात, जोडीतल्या ओढीच्या तुलनेत शेजारच्या जोड्यांची ओढ वाढते. सुमारे १.०७ किलोबारला, म्हणजे जवळपास मारियाना गर्तेच्या तळाशी असतो तेवढ्या दाबाला, फुगडी सुटते आणि रांगा लागतात. दाबानं मोडतोड होईल असं मला वाटलं होतं. इथे उलट शिस्त आली!

२००८ मध्ये ख्रिश्चन रुएग आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनांचा मारा करून हा बदल टप्प्याटप्प्यानं पाहिला. रांगा लागल्यावर चुंबकांची दिशा डोलते, हे अपेक्षितच. पण त्यांची लांबी, म्हणजे चुंबकत्वाचं प्रमाणच, कमीजास्त होणारं आंदोलनही सापडलं. गणितात ते हिग्ज कणाचं भावंड. खुद्द हिग्ज कण सापडल्याची घोषणा सर्ननं केली ती २०१२ मध्ये. कित्येक किलोमीटरच्या यंत्राला जे शोधायचं होतं, त्याचं भावंड हातात मावणाऱ्या खड्यात! इथे मी समजवायचं विसरलो ते विसरलोच.

ताई चहा घेऊन आली. "पण याचा उपयोग काय?"

हा प्रश्न जुना आहे. अँटिफेरोमॅग्नेटचा सिद्धांत मांडणाऱ्या लुई नेएल यांना १९७० मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी स्वतःच भाषणात सांगितलं होतं, की हे पदार्थ सिद्धांतासाठी फार रंजक, पण उपयोग काही दिसत नाही. पुढे हार्ड डिस्क वाचणाऱ्या हेडमध्ये अँटिफेरोमॅग्नेटचाच पातळ थर बसला. कॉलेजातला माझा सगळा कोड अशाच डिस्कवर होता, आणि मला हे भाचीकडून कळलं. दाबाखालच्या या स्फटिकाचं तसं काही होईल, असं मी ताईला सांगितलं नाही. ते मला ठाऊक नाही.

"मग, समजावलंस ना?" निघताना ताईनं विचारलं.

"दाब काढला ना मामा, की जोड्या परत जुळतात," भाची मागून म्हणाली. ताईला वाटलं, ती अजून स्फटिकाबद्दलच बोलतेय.