देवनळाचे वाफे आणि खेड्याचे सांडपाणी

नगरासाठी रचलेली व्यवस्था आकाराने लहान करून खेड्याला बहाल केली की खेड्याचा प्रश्न सुटला, अशी समजूत बाळगणाऱ्यांच्या नजरेतून सांडपाण्याच्या बाबतीत एक मूलभूत भेद निसटतो. तो असा की, नगरापाशी द्रव्य, वीज आणि कुशल कारागीर असतात पण मोकळी जमीन नसते, तर खेड्यापाशी जमीन असते आणि उरलेल्या तिहींची वानवा असते. 1914 साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी जगापुढे मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत टाकीत अहोरात्र हवा खेळवून सूक्ष्म जीवाणूंना पोसते. मोठ्या शहरांवर तिचे उपकार अपार आहेत, परंतु जेथे विजेचा भरवसा नाही तेथे ती टिकाव धरीत नाही.

खेड्याला साजेसा मार्ग जर्मनीत उघडला. केटे झायडल या विदुषीने 1950 नंतरच्या दशकात मॅक्स प्लांक संस्थेत जलवनस्पतींकरवी दूषित पाणी निवळविण्याचे प्रयोग आरंभिले, आणि पुढे राइनहोल्ड किकुट यांच्या कल्पनेनुसार 1974 मध्ये ओटफ्रेझेन या गावी मातीच्या वाफ्यात देवनळाचे सगोत्र असे नळगवत लावून गावचे सांडपाणी त्यातून सोडण्यात आले. मुळे माती भुसभुशीत राखतील ही अपेक्षा मात्र अशा मातीच्या वाफ्यांत फलद्रूप झाली नाही. पाणी आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून वाहू लागले. तेव्हा 1980 नंतरच्या दशकात इंग्लंडमधील अभियंत्यांनी मातीच्या जागी खडी घातली, आणि सेव्हर्न ट्रेंट या जलसंस्थेने लहान गावांतील शुद्धीकरणाच्या अखेरच्या टप्प्यासाठी असे वाफे मोठ्या प्रमाणावर योजिले.

या वाफ्यांतील खरी किमया नत्राच्या परिवर्तनात आहे. टाकीत गाळ खाली बसल्यावर पाणी प्रथम उभ्या प्रवाहाच्या वाफ्यावर थांबूनथांबून सोडतात. प्रत्येक पाळीनंतर ते खाली उतरताना आपल्यामागे हवा ओढून घेते, आणि त्या प्राणवायूच्या बळावर खडीला चिकटलेले जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. त्यानंतर ते पाणी आडव्या प्रवाहाच्या, सदैव भरलेल्या वाफ्यात शिरते. तेथे मुक्त प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे निराळ्या जातीचे जीवाणू सेंद्रिय द्रव्याच्या आधारे नायट्रेटमधील प्राणवायू हिरावून घेतात, आणि निरुपद्रवी नत्रवायू आकाशात निघून जातो. गवताची मुळे प्राणवायू पुरवितात खरी, पण अल्प. जीवाणूंना आसरा देणे आणि हिवाळ्यात वाफ्याला ऊब राखणे, ही त्या गवताची मोलाची कामगिरी होय.

अर्थात ही व्यवस्था सर्वसमर्थ नाही. स्फुरद धरून ठेवण्याची खडीची शक्ती काही मुदतीनंतर सरते, रोगजंतू घटले तरी निःशेष होत नाहीत, म्हणून कच्च्या खाण्याच्या भाज्यांना हे पाणी देण्यापूर्वी निर्जंतुकीकरण अवश्य करावे लागते. आणि टाकीतील गाळ वेळेवर उपसला नाही, तर खडीची छिद्रे बुजून सारा खर्च व्यर्थ जातो.

आपल्या खेड्यांत जलजीवन योजनेने दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि घरात आलेल्या पाण्याचा बहुतांश भाग सांडपाणी होऊनच बाहेर पडतो, हे लक्षात घेता पाणी आणण्याच्या तजविजीबरोबर ते शुद्ध करून शेताला देण्याची तजवीजही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात झाली पाहिजे. शुद्धीकरणाचे प्रगतपण यंत्रांच्या संख्येवर मोजावयाचे नसून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या गुणावर मोजावयाचे असते. आणि त्या कसोटीला, गाळ उपसण्याची जबाबदारी नेमून देणारे व ती पाळणारे लहानसे गावही निःसंशय उतरू शकते.